विश्लेषण : डाएट सुरू, जिम सुरू… पण पोट साफ का होत नाही?

नवीन वर्ष, लग्नाची तारीख किंवा रक्त तपासणीचा अहवाल, कारण कोणतेही असो, अनेक जण एका सोमवारी ठरवतात की आजपासून पोळी-भात बंद, प्रोटीन वाढवायचे आणि पहाटे जिम गाठायची. पहिल्या आठवड्यात वजनकाटा खाली येतो आणि उत्साह वाढतो. दुसऱ्या आठवड्यात मात्र वेगळीच तक्रार सुरू होते. पोट जड वाटते, गॅस होतो, दोन-दोन दिवस शौचाला होत नाही. मग कोणी रात्री चूर्ण घेतो, तर कोणी ‘हे डाएट आपल्याला मानवत नाही’ म्हणत सगळेच सोडून देतो. खरे तर या दोन्हींची गरज बहुतेक वेळा नसते. आहार आणि व्यायाम बदलल्यावर पोटात काय घडते आणि नियमितपणा कसा टिकवायचा, याविषयी…

‘नियमित’ म्हणजे रोज एकदाच का?

नाही. ‘रोज सकाळी उठल्याउठल्या पोट साफ झालेच पाहिजे’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मात्र वैद्यकीयदृष्ट्या दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, हा संपूर्ण पट्टा सामान्य मानला जातो. किती वेळा होते यापेक्षा कसे होते हे जास्त महत्त्वाचे. त्यासाठी जगभर ‘ब्रिस्टल स्टूल स्केल’ नावाची सात प्रकारांची तालिका वापरतात. ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरातील डॉक्टरांनी ती तयार केली आणि १९९७ मध्ये तिच्यावरील संशोधन प्रसिद्ध झाले. प्रकार १ आणि २ म्हणजे कडक खडे किंवा गाठीगाठीचा मल. हे बद्धकोष्ठतेचे लक्षण आहे. प्रकार ३ आणि ४ म्हणजे न कुंथता होणारा, सलग आणि मऊ मल. ही उत्तम स्थिती. ५ पासून पुढे तो पातळ होत जातो आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी.

म्हणजे एखाद्याला एक दिवसाआड पण त्रास न होता शौचाला होत असेल, तर त्याला बद्धकोष्ठता नाही. रोज जाऊनही कुंथावे लागत असेल आणि पोट पूर्ण साफ झाल्यासारखे वाटत नसेल, तर मात्र आहे.

डाएट बदलल्यावर गडबड कुठे होते?

पहिले कारण तंतुमय पदार्थांची, म्हणजे फायबरची घट. अंडी, चिकन, मासे, पनीर आणि साध्या व्हे प्रोटीनमध्ये फायबर जवळपास शून्य असते. मराठी घरात फायबर प्रामुख्याने येते ते पोळी-भाकरी, डाळी, उसळी, भाज्या आणि फळांतून. ‘कार्ब्स बंद’ म्हणताना नेमके हेच पदार्थ ताटातून बाहेर जातात.

दुसरे कारण पाणी. कार्बोहायड्रेट कमी केल्यावर शरीरातील ग्लायकोजेनचा साठा वापरला जातो. या साठ्यासोबत पाणी धरून ठेवलेले असते, तेही बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात झपाट्याने कमी होणाऱ्या वजनात या पाण्याचा मोठा वाटा असतो. त्यात व्यायामाच्या घामाची भर पडते. शरीराला पाणी कमी पडले, की मोठे आतडे मलातून अधिक पाणी शोषून घेते आणि मल कडक होतो.

तिसरे कारण खाण्याचे प्रमाण. एकूण अन्नच कमी झाल्यावर मलही कमी तयार होतो. आधी रोज होणारे आता एक दिवसाआड होऊ लागले आणि दुसरा काही त्रास नसेल, तर तो आजार नव्हे.

हिशोब मांडून पाहू…

समजा, ठाण्यात राहणारा तिशीतला एक तरुण दिवसभरात चार पोळ्या, थोडा भात, एक वाटी वरण, एक वाटी मटकीची उसळ आणि एक भाजी खातो. चार पोळ्यांना साधारण १२० ग्रॅम कणीक लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम फायबर असते. म्हणजे पोळ्यांतूनच १३ ग्रॅम मिळाले. उसळीतून चार-साडेचार, भाजीतून चार, वरण-भातातून चार. एकूण २५ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक फायबरची शिफारस केली आहे. म्हणजे या तरुणाचे आधी बरे चालले होते.

आता त्याचे नवे ताट पाहा. अंडी, चिकन, पनीर, व्हे प्रोटीन, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि एकच पोळी. कोशिंबिरीतून चार ग्रॅम, पोळीतून तीन. एकूण सात. म्हणजे एका सोमवारपासून फायबर थेट पाव हिश्श्यावर आले. पोट तक्रार करणारच.

प्रोटीनला हात न लावता हे भरून काढता येते. पोळीच्या जागी ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी (सहा ग्रॅम), ३० ग्रॅम हरभरे भिजवून केलेली उसळ (सात ग्रॅम) आणि एक मध्यम पेरू (आठ ग्रॅम). कोशिंबिरीसह आकडा पुन्हा २५ वर येतो. अतिरिक्त कॅलरी अडीचशेच्या आसपास, त्या चिकन-पनीरच्या तेला-तुपात काटकसर करून सहज जुळवता येतात. शिवाय हरभऱ्यातून थोडे प्रोटीनही मिळते.

मग एकदम भरपूर फायबर खायचे?

इथेच दुसरी चूक होते. काल सात ग्रॅम आणि आज ओट्स, चिया, मोड आलेली कडधान्ये आणि दोन वाट्या कोशिंबीर असे केले, तर पोट फुगते, गॅस होतो, कळाही येतात. फायबरचा काही भाग मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात. नव्या खुराकाशी जुळवून घ्यायला त्यांना काही आठवडे लागतात. त्यामुळे आठवड्याला साधारण पाच ग्रॅम, म्हणजे एखादे फळ किंवा अर्धी वाटी उसळ, या गतीने वाढ करावी आणि सोबत पाणीही वाढवावे. पुरेशा पाण्याशिवाय वाढवलेले फायबर उलट अडकून बसू शकते.

पाण्याबाबत आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दिवसाला सुमारे दोन लिटर, म्हणजे आठ ग्लास असे प्रमाण सांगितले आहे. उन्हाळ्यात आणि घाम गाळणारा व्यायाम करणाऱ्यांना त्याहून जास्त लागते. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल, तर पाणी पुरेसे आहे, असे समजण्यास हरकत नाही. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

व्यायामाने पोट सुधारते की बिघडते?

दोन्ही शक्य आहे. चालणे, सायकल, पोहणे अशा मध्यम व्यायामाने आतड्यांच्या हालचालीला चालना मिळते आणि अनेकांची बद्धकोष्ठता कमी होते. धावण्यासारख्या जोरदार व्यायामात मात्र रक्तपुरवठा स्नायूंकडे वळतो आणि आतड्यांचा बराच कमी होतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या धावपटूंना पोटात मुरडा येणे किंवा पळता पळता घाईची लागणे हा अनुभव नवीन नसतो. धावण्याआधीच्या जेवणात फायबर आणि तेलकट पदार्थ कमी ठेवले, तर हा त्रास टळतो.

पण जिममुळे होणारी मोठी गडबड व्यायामाची नसून वेळापत्रकाची असते. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल नैसर्गिकरीत्या वाढते. न्याहारी किंवा चहानंतर ‘लागते’ ती यामुळेच. पहाटे साडेपाचला उपाशीपोटी जिम, तिथूनच अंघोळ आणि मग ७.४० ची लोकल असा दिनक्रम झाला, की ही वेळ गाडीच्या गर्दीत जाते. कळ दाबली जाते. पुनःपुन्हा दाबली, की ती जाणीवच मंद होऊ लागते. बाहेर स्वच्छ शौचालय मिळत नाही म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या महिलांना तर याचा दुहेरी फटका बसतो.

उपाय साधा आहे. न्याहारीनंतर १०-१५ मिनिटे राखून ठेवावीत. जिमआधी थोडे खाऊन आणि कोमट पाणी पिऊन शरीराला संधी द्यावी. कमोड वापरत असाल तर पायाखाली छोटे स्टूल ठेवून गुडघे कमरेच्या वर येतील असे बसावे. उकिडवे बसल्यावर मिळणारी स्थिती त्यातून बरीचशी मिळते आणि कुंथावे कमी लागते. आणि मोबाइल बाहेर ठेवावा. तिथे बराच वेळ बसून राहिल्याने गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो आणि मूळव्याधीला निमंत्रण मिळते.

प्रोटीन पावडर, गोळ्या आणि इंजेक्शनांचे काय?

ज्यांना दुधातील लॅक्टोज पचत नाही, त्यांना व्हे कॉन्सन्ट्रेटने गॅस किंवा जुलाब होऊ शकतात. ‘शुगर फ्री’ प्रोटीन बारमधील सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारख्या गोडव्यांनीही पोट सैल होते. उलट लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी अनेकांना बद्धकोष्ठता होते. वजन कमी करण्यासाठी २०२५ पासून भारतात उपलब्ध झालेली टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शने पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतात. बद्धकोष्ठता हा त्यांचा एक नेहमीचा दुष्परिणाम आहे. यातील काहीही घेत असाल, तर पोटाच्या तक्रारीचे खापर आधी पोळी-भाकरीवर फोडू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंदही करू नये.

इसबगोल की चूर्ण?

दोन्ही ‘आयुर्वेदिकच’ म्हणून एकाच मापाने मोजले जातात, पण काम वेगळे आहे. इसबगोलाचा भुसा हे विरघळणारे फायबर आहे. तो पाणी शोषून मल मऊ करतो. एक-दोन चमचे भुसा मोठ्या ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यावा. कमी पाण्यात घेतल्यास तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. इतर औषधे आणि इसबगोल यांत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे.

बाजारातील अनेक चूर्णांत आणि ‘डिटॉक्स’ चहांत मात्र सोनामुखी असते. ती आतड्यांना उत्तेजित करून मल बाहेर ढकलते. एखाद-दुसऱ्या दिवशी घेणे वेगळे, पण सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने घेतल्यास पोटात मुरडा, जुलाब, क्षारांची कमतरता असे त्रास संभवतात. डिटॉक्स चहा घेतल्यावर दुसऱ्या दिवशी काटा एक किलोने खाली आला, तर तो मल आणि पाणी यांचा फरक आहे. चरबी एक ग्रॅमही कमी झालेली नसते. याच न्यायाने फायबर आणि पाणी वाढवल्यावर काटा थोडा वर गेला, तरी घाबरण्याचे कारण नाही.

उपवासाच्या काळात काय?

श्रावण, नवरात्र किंवा चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि चहा एवढ्यावर दिवस काढला, तर फायबर फारसे मिळत नाही. साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च असतो. त्याऐवजी राजगिरा, रताळे, भोपळा आणि फळे घेतली, तर उपवासही होतो आणि पोटही सांभाळले जाते.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

नवा आहार सुरू केल्यावर दोन-तीन आठवडे थोडे मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. पण शौचातून रक्त जाणे, प्रयत्न न करता वजन घटणे, रक्त कमी होणे, सतत उलट्या, पोट फुगून गॅसही न सरणे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे किंवा पंचेचाळिशीनंतर सवयीत अचानक बदल होणे, यापैकी काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. डाएटवर असताना ‘वजन घटतेय’ याचा आनंदच होत असल्याने हा इशारा नजरेआड होण्याची शक्यता जास्त असते. शौचातील रक्ताला ‘मूळव्याधच असेल’ म्हणून स्वतःच निदान करणेही धोक्याचे. थायरॉइडचे काम मंदावणे आणि मधुमेह यांमुळेही बद्धकोष्ठता होऊ शकते, तेव्हा तीन-चार आठवडे सगळे सांभाळूनही फरक पडत नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

थोडक्यात…

आहार बदलताना एका वेळी एकच बदल करावा. आधी पाणी आणि न्याहारीनंतरची ठरलेली वेळ, मग हळूहळू फायबर, मग व्यायामाचा जोर. प्रोटीन मोजणाऱ्या ॲपमध्ये फायबरचाही रकाना असतो, तो रोज एकदा पाहावा. चार महिने टिकणारे डाएट हेच कामाचे डाएट आणि ते टिकायचे असेल, तर ताटातून भाकरी आणि उसळ हद्दपार करून चालणार नाही.