घरी बाळंतपण? मग दाई पारखून घ्या

तोरणमाळ म्हटलं की बाहेरच्यांना यशवंत तलाव आणि सीताखाई आठवते. पण सातपुड्यातल्या या गावाभोवतीच्या पाड्यांवर दिवस भरलेल्या बाईला वेगळाच घोर असतो : कळा रात्री सुरू झाल्या तर? कित्येक पाड्यांवरून गाडीच्या रस्त्यापर्यंत तिला बांबूला बांधलेल्या झोळीतून न्यावं लागतं. तोरणमाळला ग्रामीण रुग्णालय आहे, पण गुंतागुंत वाढली तर घाट उतरून शहादा किंवा नंदुरबार गाठावं लागतं. म्हणून भिल्ल-पावरा पाड्यांवर पहिली हाक अजूनही दाईला जाते.

आमचं मत स्पष्ट आहे. बाळंतपण दवाखान्यातच सुरक्षित. तरीही अंतर, पैशाची चणचण किंवा दवाखान्यातल्या अपमानाची धास्ती यांमुळे आपल्या वस्त्यांतही काही घरं दाईवर विसंबतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

दाईचा मान, दाईची पारख

गावगाड्यात सुईणपण बऱ्याच ठिकाणी मांग-महार बायांकडेच होतं. नाळ कापायला त्यांचे हात चालायचे, नंतर त्याच हातांचा विटाळ व्हायचा. त्या हातांतल्या कसबाचा मान आपण राखलाच पाहिजे. पण मान राखणं म्हणजे प्रश्न न विचारणं नव्हे. सातव्या-आठव्या महिन्यातच दाईला घरी बोलवा आणि विचारा :

• मावशी, वार पडली नाही तर किती वेळ वाट बघता?
• अडलेल्या बाईला तुम्ही कधी दवाखान्यात पाठवता?
• आशाताई, नर्सताईंशी तुमचं बोलणं असतं का?
• दवाखान्यात जायची वेळ आली तर सोबत याल का?

“माझ्या हातून कधी कुणी दगावलं नाही, दवाखाना कशाला?” म्हणणाऱ्या दाईपेक्षा “वेळेत पाठवते” म्हणणारी दाई निवडा. पोट दाबून बाळ ढकलणारी, सारखा आत हात घालणारी किंवा घरीच कळा वाढवायचं इंजेक्शन देववणारी दाई नको. अशा इंजेक्शनाने गर्भपिशवी फाटू शकते.

यांनी घरी थांबूच नये

आधीचं सिझेरियन, जुळं, आडवं किंवा पायाळू बाळ, वाढलेलं बीपी, अंगात रक्त फार कमी किंवा मागच्या बाळंतपणात जास्त रक्तस्राव. सिकलसेल असेल तरीही नाही. हा आजार सातपुड्यातल्या आदिवासींत आहे, तसा विदर्भातल्या आपल्या समाजातही आहे. गरोदरपणी ही तपासणी करून घ्याच. पाड्यांवरच्या अशा बायांनी तारखेच्या काही दिवस आधीच दवाखान्याजवळ मुक्कामाला यावं. आदिवासी भागात त्यासाठीच आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ योजना आहे. आशाताईंना विचारा.

दाईसोबत तयारी

पाच गोष्टी स्वच्छ हव्यात : साबणाने धुतलेले हात, जागा, नवं ब्लेड, नाळ बांधायचा धागा आणि नाळेचं टोक. नाळेला राख, शेण, हळद, तेल काही लावायचं नाही. गाडी कुणाची, झोळी कोण उचलणार, रक्त कोण देणार, हे आधीच ठरवा. १०८ आणि १०२ हे नंबर भिंतीवर लिहा.

ही लक्षणं दिसली की निघायचं

• कळा सुरू होऊन १२ तास झाले, तरी बाळ नाही
• पाणी गेलं, पण कळा नाहीत. किंवा पाणी हिरवट, घाण वासाचं
• आधी बाळाचा हात किंवा नाळ बाहेर आली
• झटके, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी
• अर्ध्या तासात वार पडली नाही
• कपडे भिजत राहतील इतका रक्तस्राव
• बाळ रडलं नाही, निळं पडलं

अशा वेळी “सासूबाई येऊ दे”, “सकाळ होऊ दे” नको. रक्तस्रावात दोन तासांतही आई जाऊ शकते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि गाडी मोफत आहे. पैसे मागितले तर हा हक्क सांगा.

बाळ झाल्यावर

बाळ लगेच कोरडं करून आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवा. पहिल्या तासात अंगावर पाजा. चीक टाकू नका, मध-गुटी देऊ नका, पहिल्या दिवशी आंघोळ नको. नर्सताईंना बोलावून आई-बाळ तपासून घ्या, बाळाचं वजन आणि लस करून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. घरी जन्मलेल्या लेकराचा दाखला राहिला, तर पुढे शाळेपासून जातीच्या दाखल्यापर्यंत हेलपाटे पडतात.

आणि आईला विश्रांती द्या. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. सरकारचं सरकार बघेल. घरातला पाण्याचा हंडा मात्र आजपासून दुसऱ्या कुणीतरी उचलावा.