दवाखाना घरी येतो तेव्हा

घरातलं आजारपण आपल्याला नवं नाही. बाळंतपणं घरात होत, डॉक्टर बॅग घेऊन घरी येत आणि दुखणाईताच्या उशाशी कुणी ना कुणी बसलेलं असे. मधल्या काळात आजारपण दवाखान्यात गेलं. आता ते पुन्हा घरी परतू लागलंय, पण सोबत यंत्रं घेऊन. ऑक्सिजनचं यंत्र, हवेची गादी, सक्शन मशीन, श्वासाला दाब देणारं बायपॅप. ही यंत्रं घरोघरी बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. त्यामुळे या विषयाकडे मी डॉक्टरांच्या खुर्चीतून पाहत नाही. रुग्णाच्या खाटेखाली वाकून प्लग शोधणाऱ्या माणसाच्या नजरेतून पाहतो.

हे का घडतंय, ते फार समजावून सांगायला नको. २०११च्या जनगणनेतच देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींवर होती. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी. अतिदक्षता विभागाचं एका दिवसाचं बिल आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे. शिवाय आजार आता बरे होण्यापेक्षा सांभाळण्याचे अधिक झाले आहेत आणि सांभाळायचं म्हटलं की घर आलंच.

यातल्या एकाच यंत्राबद्दल जरा सविस्तर सांगतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. यात ऑक्सिजन साठवलेला नसतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्र खोलीतली हवा ओढून ती झिओलाइट नावाच्या खड्यांतून दाबाने सोडतं. हे खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून नव्वद टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन बाहेर पडतो. सिलिंडर संपतो, हे यंत्र वीज असेपर्यंत संपत नाही.

खरी मेख या 'वीज असेपर्यंत'मध्ये आहे. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात किंवा विडी-सिगारेटमुळे फुप्फुसं निकामी झालेल्या ज्या रुग्णांच्या रक्तात ऑक्सिजन कायम कमी असतो, त्यांना डॉक्टर रोज निदान पंधरा तास ऑक्सिजन घ्यायला सांगतात. तेवढे तास घेतला तर अशी माणसं जास्त जगतात, हे १९८०-८१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवून दिलं. पाच लिटरचं यंत्र साधारण साडेतीनशे वॅट वीज खातं. पंधरा तासांचे पाच युनिट धरले तर महिन्याचे दीडशेच्या पुढे गेले. घराचा वापर शंभर युनिटांवर गेला की पुढचा दर चढा लागतो. मग होतं काय, की आजीच आपल्या हाताने यंत्र बंद करते. "आता बरं वाटतंय गं," असं सुनेला सांगते. बरं वाटत नसतं, तिला बिल दिसत असतं. औषधाची चिठ्ठी लिहिताना या बिलाचा विचार कुणी केलेला नसतो आणि यंत्र बनवणाऱ्यानेही नाही. कमी विजेत तेवढाच ऑक्सिजन देणारं, वीज गेल्यावर तीन-चार तास घरच्या इन्व्हर्टरवर निभावणारं आणि गावाकडच्या खालीवर होणाऱ्या व्होल्टेजला न डगमगणारं यंत्र जो परवडणाऱ्या किमतीत देईल, त्याला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

दुसरी अडचण इशाऱ्यांची. ऑक्सिजनची शुद्धता घसरली की बहुतेक यंत्रांवर पिवळा दिवा लागतो. नळीतून वारा मात्र येतच राहतो, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. दिव्याखालची सूचना इंग्रजीत. बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, फिल्टर आठवड्याला धुवायचा, नळीजवळ निरांजन, उदबत्ती, विडी नको, कारण ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही. हे सगळं ज्या पुस्तिकेत असतं, ती खोक्यातच राहते. २०२१च्या लाटेत धावपळ करून घेतलेली कितीतरी यंत्रं मी नंतर माळ्यावर पाहिली. नुसतं पडून राहिलं की झिओलाइटला दमट हवा लागते आणि ऐन वेळी यंत्र घरघर करतं, ऑक्सिजन देत नाही.

वापरणाऱ्याचा विचार आधी केला तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे लहान मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. तो ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास ते मोजायला हवं, आणि गावातल्या दाईला मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांनी मिनिटभराची वाळूची घडी आणि सरकते मणी असं साधं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी. वाळू सरायच्या आत मणी संपले तर श्वास जलद. ना बॅटरी, ना पडदा. पुढे याच संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ३९ गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११पासून आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींतून ही पद्धत देशभर गेली.

तंत्रज्ञानवाल्यांना संधी कुठे, असं मला तरुण उद्योजक विचारतात. ॲप काढू का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. काढा की. २०२० च्या मार्चमध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आल्यापासून दुरून सल्ला देण्याबाबत डॉक्टरांच्या मनातली धाकधूक गेली आहे. पण आकडा डॉक्टरांपर्यंत पोचवण्याआधी तो खरा असावा लागतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंच घ्या. गडद त्वचेच्या रुग्णांत ते प्रत्यक्षाहून जास्त ऑक्सिजन दाखवण्याची शक्यता अधिक असते, हे २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने ठळकपणे मांडलं. आपल्याकडच्या सावळ्या बोटांवर, मेंदी आणि नेलपॉलिशसकट, जे नीट तपासून घेतलंय, असं उपकरण हवं.

आणि निव्वळ खोकं विकण्यात फार दिवस राम नाही. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने कॉन्सन्ट्रेटरच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. टिकाऊ धंदा भाड्याचा, देखभालीचा, सुट्या भागांचा आणि शिकवण्याचा आहे. पोटातल्या डायलिसिसचं पाहा. दोन-दोन लिटरच्या पिशव्या दिवसातून तीन-चार वेळा बदलायच्या, त्याही पंखा बंद करून, तोंडाला मास्क लावून, हात घासून धुऊन. नाहीतर पोटात जंतुसंसर्ग. रुग्णाची आठवड्यातून दोन-तीनदा शहराकडे होणारी फरपट यात वाचते खरी, पण पावसाळ्यात रस्ता तुटला तरी पिशव्या वेळेवर पोचल्या पाहिजेत. तालुक्याच्या गावी गोदाम ठेवणारा आणि पहिले आठ दिवस घरी जाऊन सुनेला, मुलाला किंवा ठेवलेल्या बाईंना हात धरून शिकवणारा माणस मला अजून फार थोड्या ठिकाणी भेटतो.

तोवर यंत्र भाड्याने आणताना दुकानदाराला एवढं जरूर विचारा: मशीन रात्री दोन वाजता बंद पडलं तर फोन कोण उचलणार, आणि बदली मशीन किती तासांत दारात येणार? उत्तर पावतीवर लिहून घ्या. आणि हाताशी एक भरलेला लहान सिलिंडर ठेवा.