कालवड की गोऱ्हा? थेंबावरच्या विजेची करामत

गाय व्याली की ओसरीवरून पहिला प्रश्न येतो, "काय झालं?" कालवड झाली म्हटले की घर खुलते. गोऱ्हा झाला म्हटले की म्हातारी म्हणते, "असू दे, देवाची देणगी," आणि बाकीचे गप्प बसतात.

विरार पूर्वेला फुलपाडा आहे. वर डोंगराच्या कुशीत पापडखिंड धरण, खाली दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली. त्याच्या आधीपासूनच इथले गावपण आटत चालले होते. तरीही एखाद्या वाडीत दावणीला चार जनावरे अजून दिसतात. अशाच एका गोठ्यात बसलो असता घरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, सलग तिसरा गोऱ्हा. औताला शेत उरलं नाही. याला दूध पाजू की डेअरीला घालू?"

प्रश्न रोकडा आहे. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम उरले नाही, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंशातल्या नराच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हणजे गोऱ्हा एक तर आयुष्यभर पोसायचा, नाही तर डोळ्यांआड सोडून द्यायचा. काकूंना दुसरे करवत नाही आणि पहिले परवडत नाही.

यावर उपाय म्हणून लिंगवर्गीकृत रेतमात्रा आली आहे. ती वापरली तर शंभरातल्या नव्वदच्या आसपास माद्या होतात. पुष्कळांना वाटते की यात काही औषध घालतात. तसे नाही. वळूच्या वीर्यात कालवड देणारे आणि गोऱ्हा देणारे शुक्राणू मुळातच निम्मे निम्मे असतात. गाईच्या जातीत कालवड देणाऱ्या शुक्राणूमध्ये आनुवंशिक द्रव्य सुमारे ३.८ टक्के जास्त असते, म्हशीत फरक त्याहून थोडा कमी. या एवढ्याशा फरकावर दोघांना वेगळे काढायचे, आणि तेही जिवंत!

युक्ती ऐकण्यासारखी आहे. शुक्राणूंना आनुवंशिक द्रव्यावर बसणारा एक रंग देतात. मग सलाईनसारख्या पाण्याच्या धारेतून, केसाच्या जाडीएवढ्या भोकातून, त्यांना एकामागे एक सोडतात. लेसर किरण पडला की शुक्राणू चमकतो. ज्याच्यात द्रव्य जास्त तो किंचित अधिक चमकतो. शुक्राणूचे डोके उलथन्यासारखे चपटे असते. ते आडवे फिरले तर चमक खोटी दिसते, म्हणून तोटीचा आकारच असा घडवला आहे की डोके सरळ पुढे यावे.

तोटीला सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा थरथरवतात, म्हणजे धार तुटून तेवढेच सारखे थेंब पडतात. हव्या त्या थेंबाला विजेचा भार द्यायचा. पुढे काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्या समोरासमोर असतात. त्यांच्यामधून जाताना धन भाराचा थेंब एकीकडे वळतो, ऋण भाराचा दुसरीकडे, आणि बिनभाराचा सरळ खाली टाकाऊत. थंडीच्या कोरड्या दिवसांत केसांवर घासलेली फणी नळाच्या बारीक धारेजवळ धरून पाहा, धार फणीकडे वाकते. (वसईच्या पावसाळ्यात हा प्रयोग करू नये, हवेतल्या ओलीने फजिती होते.)

खरी कसोटी वेळेची. शुक्राणू लेसरपुढून जातो वर, थेंब तुटतो खाली. मधला काळ यंत्राला अचूक मोजावा लागतो, कारण भार द्यायचा तो थेंब तुटण्याच्या क्षणी. विरारच्या यार्डात सांधे क्षणभर उशिरा बदलले तर गाडी भलत्याच रुळावर जाईल, तसेच हे. खोलीतली उष्णता बदलली किंवा तोटीत कण अडकला की थेंब तुटण्याची जागा सरकते आणि माप चुकते. म्हणून आता लुकलुकत्या दिव्याखाली कॅमेरा ती जागा सतत पाहतो आणि यंत्र स्वतःला सावरून घेते. आणखी एक खोडी अशी, की पुढच्या थेंबावर धन भार असला तर मागच्यावर थोडा उलटा भार आपोआप उमटतो आणि वळणारी धार पंख्यासारखी पसरते. तेवढा भार आधीच हिशेबात धरून विजेचा दाब कमीजास्त करतात. पट्ट्यांवर खारट पाण्याचे शिंतोडे सुकले तर ठिणगी उडते, त्या पुसाव्याच लागतात. इथे कॅमेऱ्याचा उपयोग नाही, फडकेच हवे.

ही कल्पना मुळात शाईची आहे. अमेरिकेत रिचर्ड स्वीट यांनी शाईचे थेंब विजेने वळवून रेघा काढण्याची रीत बसवली. १९६५ साली मॅक फुलवायलर यांनी तीच पेशी निवडायला वापरली. पाण्याच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांनी छापलेली तारीख असते, तीही बहुधा याच घराण्यातली. पुढे लॉरेन्स जॉन्सन यांनी वेगळ्या केलेल्या शुक्राणूंपासून १९८९ साली सशांची पिल्ले झाल्याचे जाहीर केले. त्या वेळी तासाला साडेतीन लाखांच्या आसपास शुक्राणू निघत. २० लाखांची एक मात्रा भरायला पावणेसहा तास! पुढची वेगवान यंत्रे तासाला दीड कोटीच्या घरात गेली, म्हणजे मात्रेला आठ मिनिटे. वेग वाढला, पण धक्काही बसू लागला. तेव्हा धारेचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांवरून ४० वर आणला, तर शुक्राणू जास्त टिकले. तासाला सत्तर किलोमीटरच्या वेगाने येणारे थेंब झेलायला नळीत अंड्याच्या बलकाचे द्रावण ठेवतात.

आपल्याकडे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बाएफ' उभी केली आणि कृत्रिम रेतन दारापर्यंत नेले, त्यामुळे ही कांडी महाराष्ट्राला परकी वाटली नाही. वर्गीकरणाची यंत्रे मात्र परदेशी आणि महाग. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या वर्गीकरण तंत्राचा प्रारंभ झाला, तेव्हा मात्रेमागे सुमारे २०० रुपये कमी होतील असे सांगण्यात आले.

आता काकूंनी विचारलेला पुढचा प्रश्न, "गाभण राहील ना?" साध्या कांडीत २ कोटी शुक्राणू, या कांडीत २० ते ४० लाख. शिवाय रंग, लेसर, वीज आणि धक्का सोसून आलेले. म्हणून गाय उलटण्याचे प्रमाण साध्यापेक्षा थोडे जास्त धरून चालावे. निरोगी कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईला ती भरावी. वारंवार उलटणाऱ्या जनावरावर पैसे घालू नयेत. माज दिसल्याबरोबर घाई नको, साध्या रेतनापेक्षा थोडे उशिरा, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळ धरावी. कांडी कोमट पाण्यात वितळवून लगेच वापरावी. आणि दहातला एक गोऱ्हा होऊ शकतो, हे भरण्याआधीच घरात सांगून ठेवावे.

काकूंची कालवड दीड वर्षाची झाली आहे. परवा तिने पहिला माज दाखवला, तो सोडला. पुढचा साधारण एकवीस दिवसांनी येईल, त्या तारखेवर कॅलेंडरात गोल काढून ठेवला आहे.