पाणथळीतल्या आमरीचा माग: दुधवा ते यमुनाकाठ

1902 मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतच्या परिसरात जमिनीवर वाढणारी एक आमरी, म्हणजे ऑर्किड, गोळा झाली आणि तिचा वाळवलेला नमुना इंग्लंडमधल्या क्यू उद्यानाच्या संग्रहात गेला. युलोफिया ऑब्ट्यूसा हे तिचे नाव. पुढे आपल्याकडे तिचा ठावठिकाणा नव्हता. मग 2020 च्या पावसाळ्याच्या तोंडावर, त्याच राज्यातल्या दुधवा राष्ट्रीय उद्यानात गवताळ रानांची पाहणी चालू असताना, ती वनाधिकारी आणि अभ्यासकांच्या नजरेस पडली. मध्ये 118 वर्षे गेली होती. आणि ती मंडळी आमरी शोधायला निघालीच नव्हती!

जमिनीवरच्या आमरींचा स्वभाव पाहिला की याचे आश्चर्य ओसरते. यातल्या पुष्कळ जाती वर्षाचा मोठा काळ कंदरूपाने मातीखाली काढतात. फुलोरा काही आठवडेच वर असतो, तोही उंच गवतात. एखाद्या वर्षी तर रोप वर येतच नाही. बी धुळीसारखे बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही. मातीतल्या ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. म्हणून ओल टिकणारी, न नांगरलेली, भराव न पडलेली जमीन हीच तिची खरी गरज.

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नदीकाठच्या ओल्या कुरणांत स्पायरँथिस डायलुव्हिअॅलिस नावाची आमरी आहे. तिला 1992 मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. तिच्या पाहणीची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते: ऐन बहरात आणि ओळीने तीन वर्षे शोध घ्यायचा, एका फेरीवर निकाल द्यायचा नाही. आपल्याकडे अनेक प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांना पावसाळा सोडून एकाच ऋतूतली माहिती चालते. पहिल्या पावसात फुलणारी आमरी अशा अहवालात येणार कशी?

अशी पाहणी करण्याजोग्या पाणथळी दिल्ली परिसरात अजून बऱ्याच उरल्या आहेत. गुरुग्रामजवळचे सुलतानपूर आणि झज्जरचे भिंडावास यांना 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. नजफगढची झील आहे, ग्रेटर नोएडात सूरजपूर आहे, शिवाय यमुनेचे पूरमैदान. जुलै 2023 मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुना 208.66 मीटरवर गेली, 1978 चा 207.49 मीटरचा उच्चांक मागे पडला, आणि हे मैदान नदीचेच आहे हे साऱ्या शहराने पाहिले. वझिराबादजवळ दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठाने उभे केलेले यमुना जैवविविधता उद्यान हे तर उजाड जमिनीवर पाणथळ आणि कुरण पुन्हा वसवता येते याचा पुरावाच आहे. दलदलीला पडीक जमीन समजणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे.

या मुलखात हिवाळा सरताना फुलणारी एक छोटी आमरी आहे, झ्यूक्झिन स्ट्रॅटूमॅटिका. उंची जेमतेम वीतभर, पाने गवतासारखी अरुंद, उन्हात तांबूस तपकिरी होणारी, फुले पांढरी आणि त्यांची ओठासारखी पाकळी पिवळी. जगाच्या हिशेबात ती धोक्यात नाही. 1936 मध्ये ती फ्लोरिडात आढळली आणि तिथल्या हिरवळींवर पसरली. पण ओल्या गवतात आमरी हुडकायला नजर तयार करायची, तर हिच्याइतकी चांगली शिक्षिका नाही. पावसाळी युलोफियांच्या शोधातही हीच सवय कामी येते: ठरावीक अंतरावर सरळ रेषेत हळू चालायचे, चौकोन आखून रोपे मोजायची, पाण्याची खोली, मातीची ओल आणि शेजारचे मुंज गवत, लव्हाळे, पाणकणीस टिपायचे. काही सापडले नाही तर तीही नोंद तारखेसह ठेवायची, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेसाठी दिल्लीभोवतीच्या तळ्यांवर हौशी माणसे दुर्बिणी घेऊन जमतात. पाणथळीच्या पाहणीत पक्ष्यांना मिळणारे लक्ष पायाखालच्या वनस्पतींना मिळत नाही, ही मोठी उणीव आहे. त्याच माणसांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर त्याच काठांवर एकेक फेरी मारली, तर काही वर्षांत दिल्लीच्या ओल्या गवताची भरवशाची नोंदवही तयार होईल.

नोएडा, गुरुग्राम, द्वारका इथे राहणाऱ्या मराठी वाचकांना म्हणूनच विनंती आहे. वाट सोडून गवत तुडवू नका. आमरी दिसली तर छायाचित्र घ्या, तारीख लिहा आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला कळवा. रोप उपटू नका, आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.