बोट गुडघ्यावर, दुखणं खुब्यात

12 ऑक्टोबरचा जागतिक संधिवात दिन नेहमीप्रमाणे आजी-आजोबांच्या गुडघ्यांना वाहिला गेला. कृत्रिम सांध्यांच्या पानभर जाहिराती, आहारतज्ज्ञांचे सल्ले, सगळं झालं. मुलांच्या सांध्यांबद्दल अवाक्षर नाही. मुलांच्या बाबतीत आपलं उत्तर ठरलेलं असतं: वाढतं वय आहे, पाय दुखायचेच.

बऱ्याचदा ते खरंही असतं. वाढीची दुखणी संध्याकाळी किंवा रात्री येतात, दोन्ही पायांत येतात आणि सकाळी पोर पुन्हा उड्या मारत असतं. पण मूल लंगडत असेल, तर वाढत्या वयावर ढकलून मोकळं होता येत नाही.

मुलं दुखणं भलतीकडेच दाखवतात, ही खरी पंचाईत. खुबा आणि गुडघा यांच्या काही नसा सामाईक असतात. त्यामुळे बिघाड खुब्यात आणि बोट गुडघ्यावर. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, स्वच्छ येतो, मलम मिळतं आणि महिना जातो. बारा-तेरा वर्षांच्या, अंगाने जाड मुलात हा महिना फार महाग पडतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा वाढीच्या थरापाशी हळूहळू घसरत असतो. मुलाला उताणं झोपवून मांडी पोटाकडे दुमडली, की पाय आपोआप बाहेर वळतो. तपासणी दोन मिनिटांची, खर्च शून्य. तरी ती राहून जाते, याचा राग येतो. निदान झाल्या क्षणापासून त्या पायावर भार नको; माथा आहे तिथेच एका स्क्रूने पक्का करतात.

ताप असेल तर हिशेब दिवसांचा नाही, तासांचा. सर्दी-खोकल्यानंतर येणारी खुब्याची साधी सूज विश्रांतीने आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. सांध्यात पू झाला असेल तर मात्र तो तातडीने काढून सांधा धुवावा लागतो. 1999 मध्ये बोस्टनच्या डॉ. कोचर यांनी दोन्हींत फरक करायला चार खुणा दिल्या: ताप, पायावर उभं न राहणं, ईएसआर (रक्तात दिसणारी दाहाची खूण) 40 किंवा त्याहून जास्त, रक्तातल्या पांढऱ्या पेशी 12 हजारांवर. इतर रुग्णालयांत त्या तितक्या खात्रीच्या ठरल्या नाहीत. शंका आली की सुई घालून सांध्यातलं पाणी तपासलेलं बरं.

आपल्या किनारपट्टीशी जवळचा आहे तो पर्थेस हा खुब्याचा आजार. खुब्याच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरतं, मऊ पडतं आणि दोन-चार वर्षांत पुन्हा भरतं. मुलींपेक्षा मुलग्यांत हा कितीतरी जास्त. 1910 मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या तीन डॉक्टरांनी त्याला वेगळा आजार म्हणून ओळखलं. तोवर तो हाडांचा क्षय समजला जाई. मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी उडुपीच्या पट्ट्यात त्याचा पिच्छा पुरवला. तिथे, विशेषतः खेड्यांत, तो भारतात इतरत्र आढळतो त्यापेक्षा बराच जास्त निघाला. का, ते आजही कोडंच. आपल्याकडे तो पाश्चात्त्य मुलांपेक्षा उशिरा सुरू होतो, म्हणजे हाडाला आकार सावरायला वर्षं कमी उरतात. म्हणून मोठ्या मुलांत, हाडाचे तुकडे पडण्याआधी किंवा पडू लागताच, मांडीचं हाड कापून माथा वाटीत नीट बसवावा, असा जोसेफ यांचा आग्रह. ओला मातीचा गोळा वाटीत वाळला तर गोल राहतो, तसं. उडुपीहून वर आलं की कारवार, गोवा, सिंधुदुर्ग. इथल्या डॉक्टरांना लंगडणारा सात-आठ वर्षांचा मुलगा दिसला, की पर्थेस लगेच आठवायला हवा. आणि घरच्यांनी मालिशवाल्याकडे नेऊन लचक काढायचा उद्योग करू नये.

एक्स-रे काढायचा तर दोन्ही खुब्यांचा मागा. एक समोरून, दुसरा पाय बेडकासारखे फाकवून. घसरलेला माथा समोरून कधी कधी दिसतच नाही. पर्थेसमध्ये सुरुवातीला दोन्ही स्वच्छ येऊ शकतात. मूल तरीही लंगडत राहिलं, तर एमआरआय करावा किंवा काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा.