घरच्या कॉम्प्युटरवरची फाईल दुकानातून उघडायचीय? आधी हे वाचा

बिलं, कोटेशन घरच्या कॉम्प्युटरवर आणि तुम्ही ग्राहकासमोर. मग कुणीतरी सांगतं, "राऊटरमध्ये ४४५ पोर्ट फॉरवर्ड कर, झालं काम." थांबा!

राऊटरचा फायरवॉल म्हणजे सोसायटीचा वॉचमन. तुम्ही मागवलेलं पार्सल तो आत सोडतो, अनोळखी माणसाला गेटवर अडवतो. पोर्ट फॉरवर्ड करणं म्हणजे त्याला सांगणं, "या दाराने कुणीही आलं तरी थेट माझ्या घरी पाठव." ४४५ हे विंडोजच्या फाईल शेअरिंगचं दार. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच दाराने जगभर पसरला. फाईली कुलूपबंद करून ३०० डॉलर मागायचा!

मग करायचं काय?

१. ४४५ बाहेरून बंदच ठेवा.
२. घरच्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड व्हीपीएन बसवा. राऊटरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी फिक्स करून फक्त युडीपी ५१८२० फॉरवर्ड करा. विंडोज फायरवॉलमध्येही तोच मोकळा करा.
३. तरी जोडलं जात नाही? राऊटरचा वॅन आयपी बघा. १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर फॉरवर्डिंग चालणार नाही. इंटरनेटवाल्याकडे पब्लिक आयपी मागा.
४. बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती काढून ठेवा.

गल्ला उघडा टाकून आपण जेवायला जात नाही ना? मग हिशोबाच्या फाईली तरी का उघड्या टाकायच्या?