पाणी टपकतं कुठं, शिरतं कुठं?

मृगाचा पाऊस सुरू झाला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, पत्रा गळतोय. मग कुणी म्हणतं डांबर फासू, कुणी म्हणतं वरून प्लास्टिकचा कागद टाकू, तर कुणी म्हणतं पत्रेच बदलू. पैसा गटाचा असतो. म्हणून खर्चाचा ठराव करण्याआधी गळती कुठून होते ते शोधायला हवं.

पाणी जिथं टपकतं, तिथंच भोक असतं असं नाही. पत्र्याला उतार असतो. आत शिरलेला थेंब लगेच खाली पडत नाही. पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून तो उतारानं सरकतो. वाटेत आडवा पाईप किंवा लाकूड आलं की तिथं अडतो, त्याच्या कडेनं जातो आणि भलतीकडेच टपकतो. म्हणून शोध घ्यायचा तो टपकण्याच्या जागेपासून चढाच्या बाजूला.

आमच्या भागातल्या एका गटाच्या मसाल्याच्या खोलीत कांडप यंत्राजवळ पाणी पडायचं. तिथल्या पत्र्यावर दोनदा डांबर लावलं, तरी गळती चालूच. खरी जागा निघाली चार हात वर, एका बोल्टपाशी. उन्हानं त्याचा रबरी वायसर कडक होऊन तडकला होता. वायसर बदलला आणि गळती थांबली.

पत्र्यात पाणी शिरायच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. एक, बोल्ट आणि त्यांचे वायसर. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर हवा. खोलगट भागात मारला, तर सगळं पाणी त्याच्यावरूनच वाहतं. दोन, पत्र्यावर पत्रा चढतो तो जोड. तिथं पालापाचोळा साचला की पाणी तुंबतं आणि फटीतून आत ओढलं जातं. तीन, दोन उतार मिळतात तिथला वरचा पत्रा. चार, पत्रा भिंतीला टेकतो तो सांधा.

आता शोधायचं कसं? पाऊस चालू असताना आतून बॅटरी मारा. ओली रेघ वर कुठपर्यंत जाते ते बघा आणि खडूनं खूण करा. वारा कुठून होता तेही वहीत लिहा. गळती एकाच दिशेच्या वाऱ्यात होत असेल, तर त्या बाजूचा जोड किंवा सांधा आधी तपासा. उघडीप मिळाली की दारं-खिडक्या लावून अंधार करा. भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसेल.

तरी सापडलं नाही, तर पाणी सोडून बघा. आधी मेन स्विच बंद करा. पाण्याचा पाईप लांब बांबूला बांधा. एकीनं बाहेरून पाणी सोडायचं, दुसरीनं आत बॅटरी घेऊन बघायचं. सुरुवात खालच्या कडेपासून करा. एका ओळीवर दहा मिनिटं पाणी सोडा, मग वरच्या ओळीवर जा. पहिल्यांदाच वर पाणी सोडलं, तर ते सगळ्या बोल्टांवरून वाहत येतं आणि दोष कुणाचा ते कळत नाही. आतून हाक आली की थांबा, जागा सापडली.

ओल्या पत्र्यावर चढू नका. सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो, पण पाय देताच फुटू शकतो. वर जायची वेळ आली, तर जाणकार कारागीर बोलवा आणि त्याला नेमकी खूण दाखवा. जागा पुसून, वाळवून मगच वायसर किंवा भरण बसवायला सांगा. धुळीवर लावलेलं डांबर टिकत नाही. काम झालं की पुन्हा पाणी सोडून बघा, मगच पैसे द्या.

आणखी एक. हिवाळ्यात पाऊस नसताना पहाटे थेंब पडत असतील, तर ती गळती नसेल. खोलीतली वाफ थंड पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. तिथं डांबराचा काही उपयोग नाही, हवा खेळायला वाट ठेवा.

दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४६५ लिटर पाणी पत्र्यावरून जातं. त्यातलं तांब्याभर आत आलं, तरी पापडाचं पीठ वाया जातं आणि विजेच्या वायरीत उतरलं, तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा पुढच्या बैठकीत पत्र्याचा विषय निघाला, की आधी खडू आणि बॅटरी घ्या, पैशांचं नंतर बघू.